परसांतील हौद : मासे आणि भाजीपाला

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे एकाच कृष्णेच्या खोऱ्यांत आहेत. सन १९४९ पूर्वीं आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यांतच मोडत असे. पुढें त्यास दक्षिण सातारा म्हणूं लागले व सन १९६० मध्यें सांगली हें नांव मिळालें. असें असूनही पाण्याच्या बाबतींत एका गांवाची स्थिति दुसऱ्या गांवास लागू पडत नाहीं. पाटण व जावळीकडे पाऊस आवरत नाहीं. कऱ्हाड व वाळवें येथें उंसाचे मळे दिसतात. आणि माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत बायामाणसें आकाशाकडे पाहून हंडा उचलतात. या कोरड्या गांवांतून नळास रोज पाणी येत नाहीं, म्हणून घरोघर हौद, टाकी किंवा पिंप भरून ठेवण्याची रीत आहे. तें सांठवलेलें पाणी उघडें राहिलें म्हणजे त्यांत डांसांची पैदास होते, आणि डांसांबरोबर घरांत ताप येतो.

या धड्यांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, परसांतील तेंच सांठवलेलें पाणी नीट योजलें तर एकाच्या ठिकाणीं दोन कामें करतें : प्रथम त्यांत मासे वाढतात, व मग तेंच पाणी भाजीच्या वाफ्यास खत घेऊन जातें. हा उद्योग लहान आहे. त्यानें कोणी श्रीमंत होणार नाहीं. परंतु घरांतील लेंकरांच्या ताटांत कांहीं भर पडेल. शिवाय यांत कोठें फसगत होते, कोठें पैसा बुडतो व कोठें जीवास धोका आहे, हेंही वाचकांनीं आधींच जाणून घेतलें पाहिजे.

१. ही विद्या किती जुनी आहे

पाण्यांत मासे पोसणें ही कांहीं बाहेरून आलेली नवी कल्पना नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास मानसोल्लास नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत राजाच्या अनेक विनोदांबरोबर माशांचेंही प्रकरण आहे. नद्यांतील व समुद्रांतील माशांच्या जाती कोणत्या आणि कोणत्या माशास काय खाऊं घालावें, हें त्यांत सांगितलें आहे. आपल्याकडे जुन्या विहिरींतून मासे सोडण्याची चाल होती, ती पुष्कळ वृद्ध माणसांस ठाऊक असेल.

एक अडचण मात्र फार काळ राहिली. रोहू, कटला व मृगळ हे मासे सांठलेल्या पाण्यांत वाढतात, पण तेथें अंडीं घालीत नाहींत. पावसाळ्यांत नदीस पूर आला म्हणजे वाहत्या पाण्यांतच त्यांची वीण होते. त्यामुळें पिलें नदींतून गोळा करावीं लागत, व त्यांत नको त्या जातींचीं पिलेंही मिसळून येत. ता. १० जुलै १९५७ रोजीं ओडिशांतील अनुगूळ येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मेंदूखालील एका लहान ग्रंथीचा अर्क टोंचून या जातींच्या माशांकडून तळ्यांतच अंडीं घालविलीं. त्या दिवसाची आठवण म्हणून आपल्या देशांत दरवर्षीं १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात. आज आपल्या गांवच्या शेततळ्यांत बोटभर पिलें पिशवींतून येऊन पडतात, तें या शोधाचें फळ आहे.

२. हौद कसा असावा

दहा फूट लांब, सहा फूट रुंद व साडेतीन फूट खोल असा हौद घरापुरता पुरे. त्यांत तीन फूट पाणी ठेवलें तर १८० घनफूट, म्हणजे सुमारें ५,१०० लिटर पाणी होतें. वरचा अर्धा फूट मोकळा ठेवावा, नाहीं तर पावसांत पाणी भरून वाहतें व मासे उडी घेऊन बाहेर पडतात. हौदाचा तळ एका बाजूस किंचित उतरता करून तेथें खालून पाणी सोडण्याची तोटी बसवावी. कारण घाण तळाशीं बसते व भाजीस तेंच पाणी हवें असतें. हौदावर सकाळीं ऊन यावें व दुपारीं कांहीं सांवली असावी. वर शेवग्याचें किंवा दुसरें पानगळीचें झाड असल्यास पानें वरचेवर काढावीं, नाहीं तर तीं कुजून पाणी बिघडतें.

आमच्या हातून पहिल्याच वर्षीं एक चूक झाली, ती सांगतों. हौद नवा बांधला, सिमेंट वाळलें असें पाहून पाणी भरलें, आणि चौथ्या दिवशीं पिलें सोडलीं. दोन दिवसांत सर्व पिलें पोट वर करून तरंगूं लागलीं. दोष पिलांचा नव्हता. नव्या सिमेंटांतील चुना पाण्यांत उतरतो व पाणी इतकें तिखट होतें कीं माशांचे कल्ले जळतात. म्हणून नवा हौद भरून चार-पांच दिवस ठेवावा, मग तें पाणी टाकून पुन्हां भरावा, असें निदान तीन वेळां करावें. केळीचे खांब कापून त्या पाण्यांत कुजत घालण्याची रीत आहे, तीही चांगली. शेवटच्या पाण्यांत प्रथम दोन-तीनच पिलें सोडून आठवडाभर पाहावें; तीं जगलीं तर मग बाकीचीं आणावीं. एवढा धीर आम्हीं धरला असता तर तेवढीं पिलें मेलीं नसतीं.

ग्रामपंचायतीच्या नळाचें पाणी असेल तर दुसरी सावधगिरी पाहिजे. पिण्याच्या पाण्यांत टी. सी. एल. ची पावडर घालतात. ती माणसास हितकर, पण माशास विष आहे. असें पाणी उघड्या भांड्यांत किंवा पिंपांत एक-दोन दिवस उन्हांत ठेवून मग हौदांत घालावें. विहिरीच्या पाण्यास ही अडचण नसते, मात्र विहीर नुकतीच पावडर टाकून शुद्ध केलेली नसावी.

३. कोणते मासे, आणि किती

मोठ्या तळ्यांत कटला वरच्या थरांतलें खातो, रोहू मधल्या थरांतलें व मृगळ तळाचें. म्हणून तिघांस एकत्र सोडतात. परसांतील हौदांत मात्र कटल्यास जागा पुरत नाहीं. तेथें रोहू बारा, मृगळ चार व सायप्रिनस चार अशीं वीस पिलें पुरेत. वाचकांस हा आंकडा लहान वाटेल. परंतु पंपानें हवा न देतां हजार लिटर पाण्यांत एक किलो वजनाचे मासे सुखानें राहतात, असा हिशेब धरणें शहाणपणाचें आहे. आणि पांच हजार लिटरांत वीस मासे पाव-पाव किलोचे झाले म्हणजे पांच किलो होतात. लोभानें शंभर पिलें सोडणाऱ्यास वर्षअखेर शंभर मासे मिळत नाहींत. बहुधा एका ढगाळ रात्रीं ते सर्वच जातात.

कांहीं जातींविषयीं इशारा दिला पाहिजे. मरळ चवीस उत्तम, पण तो दुसऱ्या माशांस खातो; त्यास या पिलांबरोबर ठेवूं नये. चिलापी हा आफ्रिकेंतला मासा सन १९५२ मध्यें आपल्या देशांत आणला गेला. तो लहान हौदांत भराभर वितो व मग सर्वच मासे बोटभर राहतात. त्याच्या सुधारलेल्या जाती पाळावयाच्या असतील तर मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी लागते. आणि ज्यास बाजारांत थाई मागूर म्हणतात, तो आफ्रिकेंतला मागूर पाळण्यास सरकारनें बंदी केलेली आहे, कारण तो सुटून ओढ्यानाल्यांत गेला तर आपले देशी मासे खाऊन टाकतो. देशी मागूर हा त्याहून वेगळा. तो वरची हवाही घेतो म्हणून थोड्या पाण्यांत तग धरतो. पिलें घेतांना जात ओळखणाऱ्या माणसास बरोबर न्यावें, आणि पिलें सरकारी किंवा खात्रीच्या केंद्रांतूनच आणावीं.

पिलें पावसाळ्यांत मिळतात. आणलेली पिशवी न उघडतां पंधरा-वीस मिनिटें हौदाच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग तींत हौदाचें पाणी थोडें थोडें घालावें व पिलांस आपण होऊन बाहेर पडूं द्यावें. एकदम थंड-ऊन पाण्याचा पालट झाला तर तीं दगावतात.

४. खाणें

भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड समभाग घेऊन, पेंड रात्रीं भिजवून, दोहोंचे लहान गोळे करावे व ताटलींत ठेवून ती पाण्यांत एक फूट खोल टांगावी. आरंभीं पिलांच्या एकूण वजनाच्या शंभरास पांच, पुढें तीन, व शेवटीं दोन या प्रमाणानें रोजचें खाणें द्यावें. वीस पिलें दहा-दहा ग्रॅमचीं असतां रोज दहा ग्रॅम, शंभर ग्रॅमचीं झालीं म्हणजे साठ ग्रॅम, व दोनशें ग्रॅमचीं झालीं म्हणजे ऐंशी ग्रॅम असा हिशेब येतो. यावरून दिसेल कीं, मूठभराहून अधिक खाणें कधींच लागत नाहीं. तासाभरानें ताटली वर काढून पाहावी. तींत कांहीं उरलें असेल तर दुसऱ्या दिवशीं तेवढें कमी करावें. उरलेलें खाणें कुजून पाण्याचा प्राणवायु खातें. थंडींत पाणी गार झालें म्हणजे मासे खाणें सोडतात; तेव्हां आग्रह करूं नये.

५. पाणी भाजीस कसें उपयोगीं पडतें

मासा खातो त्यांतील बराच भाग त्याच्या कल्ल्यांवाटें व विष्ठेवाटें पाण्यांत परत येतो. त्यांतून अमोनिया नांवाचा उग्र पदार्थ होतो; तो वाढला तर मासे मरतात. परंतु हौदाच्या भिंतीवर, तळाच्या दगडांवर व मातींत डोळ्यांस न दिसणारे जंतु असतात. त्यांपैकीं एक जात अमोनियाचें नायट्राइट करते व दुसरी जात नायट्राइटचें नायट्रेट करते. नायट्राइटही माशांस वाईटच. पण नायट्रेट फारसें बाधत नाहीं, आणि झाडाच्या मुळास तर तें आयतें अन्न होतें. युरियाच्या पिशवींतून शेतकरी जें पिकास देऊं पाहतो, तेंच येथें थोडथोडें पाण्यांतून मिळतें.

शहरांतून कांहीं लोक मातीशिवाय, खडींत रोपें लावून, पंपानें हें पाणी अहोरात्र फिरवतात. ती रीत खरी आहे, पण तीस वीज सतत लागते. पंप थांबला तर थोड्या तासांत मासे व रोपें दोन्ही संकटांत पडतात. आमच्या खेड्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. म्हणून आम्ही मातीचीच रीत सांगतों. आठवड्यांतून दोनदां तळाच्या तोटींतून हौदाचा दहावा भाग, म्हणजे सुमारें ५०० लिटर पाणी वाफ्यास सोडावें व तेवढेंच नवें पाणी हौदांत घालावें. आठवड्याचें हजार लिटर, म्हणजे रोजचें सरासरी १४० लिटर होतें. एवढ्यावर दोनशें चौरस फूट भाजी निघते. पालक, मेथी, कोथिंबीर यांस हें पाणी लवकर मानवतें. वांगीं, टोमॅटो, मिरची यांसही चालतें. तोटीच्या तोंडाशीं अळू किंवा एखादी केळ लावावी, म्हणजे सांडलेला थेंबही फुकट जात नाहीं. फळभाजीस पालाशही लागतें, तें या पाण्यांत कमी असतें; चुलींतली राख मूठभर मातींत मिसळावी. पानें कच्चीं खावयाचीं असतील तर पाणी पानांवर न शिंपतां मुळाशीं द्यावें, व पानें स्वच्छ पाण्यानें धुवावीं.

या रीतींत पाणी अधिक खर्च होत नाहीं, हें नीट ध्यानांत घ्यावें. भाजीस जें पाणी घालावयाचेंच होतें, तें वाटेंत माशांच्या हौदांत विसावा घेऊन पुढें जातें, एवढेंच. परंतु ज्या गांवीं उन्हाळ्यांत पिण्याचें पाणी टँकरनें येतें, तेथें माशांसाठीं पाणी अडवून ठेवणें योग्य नव्हे. अशा ठिकाणीं पावसाळ्यांत पिलें सोडावीं व होळीच्या सुमारास मासे काढून घ्यावे. ते थोडे लहान राहतील. पण शेजाऱ्याचा हंडा रिकामा असतां आपला हौद भरलेला दिसणें शोभत नाहीं.

६. संकटें कोणतीं

पहांटे मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडतात असें दिसलें, तर त्यांस प्राणवायु कमी पडत आहे असें समजावें. हिरवें शेवाळलेलें पाणी दिवसा प्राणवायु देतें, पण रात्रीं तेंच तो खातें. म्हणून धोका नेहमीं उजाडण्याच्या आधीं व ढगाळ दिवसांत असतो. त्या वेळीं खाणें ताबडतोब बंद करावें, आणि बादलीनें पाणी उंचावरून परत परत ओतावें किंवा नवें पाणी धारेनें सोडावें.

दुसरें संकट फवारणीचें. तासगांवच्या द्राक्षबागा असोत कीं कऱ्हाडचा ऊंस, फवारणीचा पंप हौदापाशीं कधींही धुवूं नये. औषधाचे थोडेसे थेंबही पुरे होतात. परसांतील भाजीवर औषध मारावें लागलें तर त्याचा ओघळ हौदांत जाणार नाहीं असें पाहावें.

तिसरें संकट पुराचें. ऑगस्ट १९ पासून नव्हे, तर कित्येक पिढ्यांपासून कृष्णाकांठ पूर पाहत आला आहे. २००५, २०१९ व २०२१ या सालांचे पूर तर सर्वांच्या डोळ्यांपुढें आहेत. पुराचें पाणी हौदांत शिरलें म्हणजे आपले मासे नदींत जातात. म्हणून नदीकांठच्या वाचकांनीं परदेशी जात मुळींच ठेवूं नये, व सायप्रिनसऐवजीं रोहू आणि मृगळच अधिक घ्यावे.

७. ज्यांस मासे खावयाचे नाहींत त्यांनीं काय करावें

ज्यांच्या घरीं केवळ वापरण्याच्या पाण्याचा हौद आहे, त्यांनींही या धड्यांतून एक गोष्ट घ्यावी. डेंग्यूचा ताप पसरविणारा डांस स्वच्छ सांठलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो, व त्यांतून आठ-दहा दिवसांत नवे डांस उडतात. म्हणूनच आरोग्यखातें आठवड्यास एक कोरडा दिवस पाळावयास सांगतें. पिंप व हंडे रिकामे करून घासतां येतात. मोठा हौद तसा रिकामा करणें जमत नाहीं. त्यांत गप्पी मासे सोडावे. ते दोन बोटांच्या पेऱ्यांएवढेही नसतात, पण पाण्यांतल्या अळ्या चटकन खातात. ते आरोग्य केंद्रांतून मिळतात. मात्र ते दक्षिण अमेरिकेंतील मासे आहेत. बंदिस्त हौदांतच ठेवावे, ओढ्यांत किंवा नदींत टाकूं नयेत.

८. लेंकरांचा जीव

साडेतीन फूट पाणी मोठ्या माणसाच्या कमरेएवढें आहे, पण दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर जातें. मासे पाहण्यास मूल वांकणारच. म्हणून हौदाचा कांठ जमिनीपासून निदान अडीच फूट उंच असावा, व वर जाळी किंवा फळ्यांचें झांकण असल्यावांचून त्यांत पाणी भरूं नये. ज्यांनीं सन २०१६ नंतर सरकारी योजनेंतून शेततळीं घेतलीं आहेत, त्यांनीं तर याहून अधिक जपलें पाहिजे. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार इतका निसरडा असतो कीं पोहणाऱ्यासही वर येतां येत नाहीं. चारी बाजूंस कुंपण घालावें, आणि गांठी मारलेले जाड दोर कांठापासून पाण्यांत सोडून ठेवावे. जाळी महाग वाटत असेल तर हौदच बांधूं नये.

९. हिशेब

पांच किलो माशांतून कांटा, डोकें व आंतडीं वजा जातां सुमारें अडीच किलो मांस हातीं येतें. शंभर ग्रॅम रोहूच्या मांसांत सोळा-सतरा ग्रॅम प्रथिनें असतात. पांच माणसांच्या घरास पंधरवड्यांतून एकदां कालवण होईल, याहून अधिक नाहीं. कोंडा-पेंड बारा ते पंधरा किलो लागेल. खरा नफा वाफ्यांत आहे : आठवडाभर पालेभाजी, आणि बाजाराच्या दिवशीं पदरचे पैसे न मोडणें. हौद आधींच असेल तर हा उद्योग निश्चित करावा. हौद नवा बांधण्यासाठीं कर्ज काढावें लागत असेल तर करूं नये. वीस मासे त्या कर्जाचें व्याजही फेडणार नाहींत.

हें आम्ही इतक्या स्पष्टपणें लिहितों यास कारण आहे. आमच्याकडून पिलें घ्या, माल आम्हीच चढ्या भावानें परत घेऊं, अशा बोलीवर कडकनाथ कोंबड्या घेऊन सांगली, सातारा व कोल्हापूर या भागांतील पुष्कळ शेतकरी सन २०१९ मध्यें बुडाले. कोंबडी वाईट नव्हती. वचन खोटें होतें. उद्यां तीच बोली कोणी माशांच्या नांवानें घेऊन दारीं आला, तर त्यास एवढेंच विचारावें : हा माल तुम्हीं परत घेतला नाहीं, तर गांवच्या बाजारांत तो काय भावानें जाईल? या प्रश्नाचें उत्तर जेथें मिळत नाहीं, तेथें अंगठाही देऊं नये व सहीही करूं नये.

शिक्षकांनीं हा धडा वाचून दाखविल्यावर मंडळींस एखाद्या घरचा हौद दाखवावा व पुढील प्रश्न विचारावे.

प्रश्न : १. नव्या सिमेंटच्या हौदांत पिलें लगेच कां सोडूं नयेत? २. पांच हजार लिटर पाण्यांत वीसच मासे कां? ३. माशांच्या पाण्यांतील कोणता पदार्थ भाजीस पोसतो, व तो कसा तयार होतो? ४. पहांटे मासे वर येऊं लागले तर काय करावें? ५. आपल्या गांवांत आतां कोणकोणते हौद उघडे आहेत, आणि त्यांवर झांकण कोण घालणार?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर तोंडी देऊन भागणार नाहीं.